पाँडिचेरीचा कारभारी

शिवाजी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेच्या वेळी पाँडिचेरीच्या वखारीत बसून रोजच्या घडामोडी टिपून ठेवणारा फ्रान्स्वा मार्टिन हा फ्रेंच भारताचा खरा संस्थापक. बत्तीस वर्षांत गावाचे धनी वारंवार बदलले, एकदा तर गावच हातचे गेले. तरीही त्याने ते पुन्हा उभे केले. त्याच्या आयुष्याचा हा मागोवा.

भारतातील फ्रेंचांचा विषय निघाला, की आपल्याला आठवतो तो डुप्ले. शालेय पाठ्यपुस्तकांत नाव त्याचे आणि पाँडिचेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर पुतळाही त्याचाच. परंतु ज्या गावाच्या आधारावर डुप्लेने दक्षिणेच्या राजकारणात उडी घेतली, ते गाव फ्रेंचांच्या ताब्यात आले आणि वाढू लागले ते त्याच्या जन्माच्याही आधी. हे काम केले एका मध्यमवयीन व्यापाऱ्याने. त्याच्याकडे ना मोठे लष्कर होते, ना घराण्याचे वलय, ना पुरेसा पैसा. त्याचे नाव फ्रान्स्वा मार्तँ. आपल्याकडील इतिहासग्रंथांत तो मार्टिन म्हणूनच ओळखला जातो.

मराठी वाचकाला हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत मोलाचा काळ मराठ्यांच्या अंमलाखाली गेला. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि राजाराम महाराज या तिन्ही छत्रपतींच्या राजवटींशी त्याचा संबंध आला. पहिल्या भेटीगाठींतून त्याला अभय मिळाले. शेवटच्या व्यवहारातून त्याचे सर्वस्व गेले. आणि या सगळ्याची नोंद त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवली.

दुकानातून दर्यापार

मार्टिनचा जन्म १६३४ मधला, पॅरिसचा. एका व्यापाऱ्याचा तो अनौरस मुलगा. पित्याच्या संपत्तीत त्याला वाटा मिळाला नाही आणि उमेदीची वर्षे वाणसामानाच्या व्यापारात नोकरी करण्यात गेली. मारी क्युपर्ली या सामान्य घरातल्या मुलीशी त्याने लग्न केले. मुले झाली, परंतु संसाराची घडी काही नीट बसली नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये एक नवे वारे वाहू लागले होते. इंग्रज आणि वलंदेज, म्हणजे डच, पूर्वेच्या व्यापारातून गबर होत असताना आपण मागे का, हा प्रश्न चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोलबेर याला सतावत होता. त्याने पुढाकार घेऊन १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. लंडनची कंपनी व्यापाऱ्यांनी काढली होती. फ्रेंच कंपनी राजाच्या आज्ञेने निघाली. तिचे बरेचसे भांडवल दरबाराच्या आग्रहापोटी गोळा झालेले होते. हा फरक वरकरणी किरकोळ दिसतो, पण पुढच्या अनेक दुखण्यांचे मूळ त्यातच आहे. राजा युरोपातील लढायांत गुंतला, की कंपनीची तिजोरी आटे आणि हिंदुस्थानातील वखारींकडे पाहायला कुणी उरत नसे.

मार्टिनने या कंपनीत दुय्यम दर्जाच्या व्यापाऱ्याची नोकरी धरली आणि १६६५ मध्ये बायको-मुलांना मागे ठेवून तो जहाजावर चढला. पहिला मुक्काम होता मादागास्कर. त्या बेटावर मोठी वसाहत करण्याचा कंपनीचा मनसुबा रोगराई, उपासमार आणि आपसातील भांडणे यांत बुडाला. तिथली दैना पाहून मार्टिन जे शिकला, ते त्याला जन्मभर पुरले. स्थानिकांशी बिघाड करून आणि रसद सातासमुद्रांपलीकडून येईल या भरवशावर राहून वसाहत टिकत नाही, हा तो धडा. तिथून तो सुरतेस आला आणि पुढे पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणच्या वखारीत रुजू झाला.

एका खानाचे आमंत्रण

पाँडिचेरी फ्रेंचांना मिळाली ती जवळपास योगायोगाने. १६७२ च्या जुलैमध्ये द ला ए या फ्रेंच सेनानीने आजच्या चेन्नईलगतचे सेंट थोमे हे ठाणे गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून हिसकावून घेतले. कुतुबशहा आणि वलंदेज यांनी मिळून त्याची कोंडी केली. धान्य आणि दारूगोळा मिळवण्यासाठी फ्रेंचांना शेजारी कुणीतरी मित्र हवा होता. तो भेटला शेरखान लोदीच्या रूपाने. विजापूरच्या आदिलशहाचा हा सरदार वालिकंडापुरम इथे राहून दक्षिणेकडील मुलूख सांभाळत होता. आपल्या मुलखात युरोपीय व्यापारी आले, तर जकात वाढेल आणि वेळप्रसंगी तोफाही मिळतील, असा त्याचा हिशेब. त्याने समुद्रकाठचे एक लहानसे गाव फ्रेंचांना देऊ केले आणि १६७३ च्या फेब्रुवारीत बेलांजे द लेस्पिने हा तरुण अधिकारी तिथे उतरला. पुदुच्चेरी या तमिळ नावाचा अर्थच मुळी नवी वस्ती. फ्रेंचांच्या जिभेवर त्याचे पाँडिचेरी झाले.

सेंट थोमे फार काळ तगले नाही. १६७४ च्या सप्टेंबरात फ्रेंचांनी ते सोडले. त्याच वर्षी पाँडिचेरीत येऊन दाखल झालेल्या मार्टिनच्या हाती उरले ते हेच वाळूतले गाव आणि मूठभर माणसे. वरिष्ठ सुरतेत, मालक पॅरिसमध्ये आणि मधल्या समुद्रावर वलंदेजांचा दरारा. पत्राचे उत्तर यायला दीड-दोन वर्षे लागत आणि उत्तरात पैसा क्वचितच असे.

अशा वेळी मार्टिनने सावकारी आणि सबुरी या दोन गोष्टींचा आश्रय घेतला. शेरखान नेहमी पैशाच्या अडचणीत असे. मार्टिनने त्याला कर्ज दिले आणि त्या बदल्यात गावच्या उत्पन्नावर हक्क मिळवला. आसपासच्या विणकरांना आगाऊ रक्कम देऊन त्याने कापडाची खरेदी सुरू केली. जिंजीचा सुभेदार नासिर मुहम्मद याच्याशी शेरखानाचे वैर होते. त्या झगड्यातही मार्टिनने खानाला माणसांची मदत केली. एतद्देशीय सत्ताधीशाला शस्त्रबळ पुरवायचे आणि त्या मोबदल्यात हक्क मिळवायचे, हे तंत्र पुढे डुप्लेने मोठ्या प्रमाणावर वापरले. त्याची पहिली लहानशी तालीम इथे झाली, असे म्हणता येईल.

मराठे आले

१६७७ हे वर्ष उजाडले आणि हा डाव एका फटक्यात उधळला गेला. राज्याभिषेकानंतरच्या सर्वांत मोठ्या मोहिमेवर शिवाजी महाराज निघाले होते. भागानगरात कुतुबशहाशी करार करून ते दक्षिणेत उतरले. मे महिन्यात जिंजीचा अजिंक्य मानला जाणारा किल्ला स्वराज्यात आला. वेल्लोरला वेढा पडला. त्यानंतर पाळी आली शेरखान लोदीची. जुलैच्या आरंभी तिरुवाडीजवळ मराठी फौज समोर दिसताच खानाचे सैन्य नीट झुंज न देताच विखुरले. खान पळाला, कोंडीत सापडला आणि अखेरीस मुलूख सोडून, खंडणी कबूल करून, मुलाला ओलीस ठेवून त्याने जीव वाचवला. मार्टिनचा आश्रयदाता संपला आणि त्याला दिलेले कर्जही बुडाले.

आता पाँडिचेरीचे काय होणार, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. सुरत दोनदा लुटली गेल्याच्या कथा प्रत्येक युरोपीय वखारीत माहीत होत्या. लढण्याइतके बळ नव्हते आणि पळून गेल्यास गाव कायमचे जाणार होते. मार्टिनने तिसरा मार्ग निवडला. त्याने महाराजांकडे वकील पाठवला. फ्रेंच हे व्यापारी असून त्यांना गावात राहू द्यावे, अशी त्याची विनंती होती. महाराजांनी ती मान्य केली. अट एकच, शेरखानाला मदत करायची नाही. फ्रेंचांनी गावात निर्धास्त राहावे असे आश्वासन मिळाले आणि गावावर मराठ्यांचा हवालदार नेमला गेला. फ्रेंचांनी राहावे, व्यापार करावा, पण सार्वभौमत्व छत्रपतींचे, हे त्या नेमणुकीतून स्पष्ट झाले.

पुढे कोलेरून नदीच्या काठी महाराजांचा तळ असताना मार्टिनने जेर्मँ या आपल्या सहकाऱ्याला भेटीसाठी पाठवले. त्याने परत येऊन जे सांगितले, ते मार्टिनने लिहून ठेवले आणि म्हणून आज ते आपल्याला कळते. मोगल छावणीचा थाट पाहिलेल्या त्या काळच्या युरोपियनांना हा तळ पाहून नवल वाटले. तिथे ना डामडौल होता, ना स्त्रिया, ना सामानसुमानाचे तांडे. सबंध छावणीत तंबू दोनच. तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान. एक महाराजांचा आणि दुसरा त्यांच्या प्रधानाचा. राजव्यवहाराचा आणि लष्करी शिस्तीचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही. तो लिहिणारा ना दरबारी भाट होता, ना शत्रूचा बखरकार. त्याला महाराजांकडून इनाम मिळवायचे नव्हते. आपली वखार वाचेल का, एवढीच त्याची चिंता होती आणि म्हणूनच त्याच्या साक्षीचे मोल मोठे आहे.

मार्टिनच्या लेखनात केवळ स्तुती आहे, असे मात्र नाही. नव्या अंमलदारांची कठोर वसुली, वरचेवर होणाऱ्या पैशाच्या मागण्या, सैन्याच्या हालचालींनी रयतेची होणारी धावपळ हेही तो नोंदवतो. पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचा मराठ्यांचा खटाटोपही त्याच्या नजरेतून सुटत नाही. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या, की सतराव्या शतकातील जिंजी प्रांताचा कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो.

सुरतेची वारी, संसाराची भेट

१६८१ मध्ये मार्टिनला सुरतेस बोलावण्यात आले. तिथला संचालक बारों आजारी होता आणि १६८३ मध्ये तो वारला. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली ती वखार सांभाळण्यात मार्टिनची काही वर्षे गेली. सुरतेचे सावकार थकलेल्या रकमांसाठी दारात बसत. फ्रान्सहून येणारी जहाजे कमी आणि त्यांतून येणारी चांदी त्याहून कमी. उधारीवर चालणाऱ्या व्यापारात पत हेच भांडवल असते, हे तो इथे पुरेपूर शिकला.

१६८६ मध्ये तो पाँडिचेरीला परतला. याच वर्षी त्याची पत्नी भारतात येऊन पोहोचली. तब्बल एकवीस वर्षांनी पती-पत्नींची भेट होत होती. तरुणपणी निरोप घेतलेल्या त्या दोघांनी आता पन्नाशी गाठली होती. त्यांच्या मुलीचा विवाह बुरो देलांद या कंपनीच्या कर्तबगार अधिकाऱ्याशी झाला. याच जावयाने पुढे १६९० मध्ये बंगालमध्ये हुगळीच्या काठी चंद्रनगरची वखार वसवली. फ्रेंच भारताची दोन मुख्य ठाणी अशी एकाच घरातून उभी राहिली.

पाँडिचेरीत आता खऱ्या अर्थाने गाव आकार घेऊ लागले. आजूबाजूच्या मुलखात युद्धे चालू होती. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने बुडवले. लुटालुटीला कंटाळलेले विणकर, रंगारी, व्यापारी सुरक्षित जागेच्या शोधात होते. मार्टिनने त्यांना जागा दिली, आगाऊ पैसा दिला. विणकर असतील तर कापड आणि कापड असेल तर जहाज भरेल, हे त्याच्या कारभाराचे साधे सूत्र होते. जिंजीचा कारभार तेव्हा संभाजी महाराजांच्या वतीने त्यांचे मेहुणे हरजीराजे महाडिक पाहत होते. गावाला तटबंदी करण्याची परवानगी मार्टिनने याच मराठी राजवटीकडून, नजराणे देऊन आणि चिकाटीने पाठपुरावा करून मिळवली.

छत्रपतींची नड आणि वलंदेजांची थैली

१६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची निर्घृण हत्या केली. रायगड पडण्याच्या बेतात असताना राजाराम महाराज गुप्तपणे निघून नोव्हेंबरात जिंजीस पोहोचले आणि मराठ्यांची राजधानी पाँडिचेरीपासून जेमतेम पंधरा-सोळा कोसांवर आली. पाठोपाठ १६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला. तो सुमारे आठ वर्षे चालला.

या आठ वर्षांत जिंजीच्या दरबाराला सर्वांत मोठी चणचण होती ती पैशाची. महाराष्ट्रातून वसूल पोहोचत नव्हता, फौजेचे पगार थकले होते, दाणागोटा विकत घ्यावा लागत होता. किनाऱ्यावरच्या युरोपीय वखारी हाच हाताशी असलेला रोकड पैसा. इंग्रजांनी १६९० मध्ये कडलूरजवळचे देवनामपट्टणम याच दरबाराकडून रोख रकमेला विकत घेतले. त्याला त्यांनी सेंट डेव्हिडचा किल्ला असे नाव दिले आणि तोफेचा गोळा पोहोचेल तिथपर्यंतची गावे आपली म्हणून ताब्यात घेतली. मार्टिनकडेही मागण्या येत. पण त्याची तिजोरी रिकामी होती. १६८८ पासून युरोपात युद्ध पेटले होते आणि फ्रान्सहून येणारी मदत जवळपास थांबली होती.

हीच संधी वलंदेजांनी साधली. फ्रान्सशी त्यांचे युद्ध चालूच होते. १६९३ मध्ये त्यांनी राजाराम महाराजांच्या दरबाराला मोठी रक्कम देऊन पाँडिचेरीचे हक्क विकत घेतले. ज्या सत्तेने मार्टिनला राहण्याची मुभा दिली, तिनेच ती जमीन दुसऱ्याच्या नावे केली. ऑगस्टअखेरीस १९ जहाजांचे वलंदेज आरमार पाँडिचेरीसमोर उभे राहिले. उतरलेल्या फौजेपुढे मार्टिनचे मूठभर युरोपीय शिपाई आणि काही शे देशी सैनिक कितीसे टिकणार? काही दिवस तोफांचा मारा सोसून सप्टेंबरच्या आरंभी त्याने शरणागती पत्करली. वीस वर्षांची मेहनत पंधरवड्यात संपली.

या प्रसंगाकडे आज कसे पाहावे? फ्रेंच इतिहासकारांना त्यात विश्वासघात दिसतो. तो आरोप घाईचा आहे. राजाराम महाराजांसमोर प्रश्न एका परक्या वखारीचा नव्हता. स्वराज्य जगते की मरते, हा होता. वेढ्यातल्या किल्ल्यात शिबंदीला भाकरी घालण्यासाठी किनाऱ्यावरचे गाव विकणे ही नड होती. मात्र त्या नडीची किंमतही पाहिली पाहिजे. तोफेच्या पल्ल्यातील गावे आणि बंदरे रोख रकमेला परकीयांच्या हाती जात राहिली. पुढे त्याच तटांच्या आड उभे राहून त्यांनी दक्षिणेचे राजकारण फिरवले. दारिद्र्यात काढलेले कर्ज नातवंडांना फेडावे लागते, तसाच काहीसा हा प्रकार झाला. मार्टिनचा दोष असलाच, तर तो एवढाच की तटबंदीइतकीच मजबूत तिजोरी त्याला उभी करता आली नाही. आणि तो दोष त्याचा कमी, पॅरिसमधल्या त्याच्या धन्यांचा अधिक.

पुन्हा श्रीगणेशा

साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या मार्टिनला कैदी म्हणून बटावियाला नेण्यात आले. सुटका झाल्यावर तो जावयाकडे चंद्रनगरला गेला. दुसरा कुणी असता, तर त्याने मायदेशाचा रस्ता धरला असता. मार्टिनने बंगालच्या व्यापारात लक्ष घातले आणि पाँडिचेरी परत मिळावी म्हणून पत्रांवर पत्रे धाडली.

१६९७ च्या सप्टेंबरात हॉलंडमधील रिसविक इथे तह झाला आणि त्यात पाँडिचेरी फ्रेंचांना परत करण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६९९ उजाडले. वलंदेजांना हे ठाणे कायमचे आपलेच राहील असे वाटले होते, म्हणून त्यांनी तिथे मोठा खर्च केला होता. तट मजबूत झाले होते. काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा नगररचनेचा आराखडाही त्यांनीच आखला होता. आजच्या पुदुच्चेरीतील ज्या सरळ रेषेतल्या गल्ल्यांचे पर्यटक फ्रेंच शिस्त म्हणून कौतुक करतात, त्यांचा पाया वलंदेजांचा आहे. मार्टिनचा शहाणपणा असा, की शत्रूने आखलेला तो नकाशा त्याने फाडून टाकला नाही. त्याबरहुकूमच गाव वाढवले.

१७०१ मध्ये पाँडिचेरीला वरिष्ठ मंडळाचे ठाणे करण्यात आले. तोवर सुरत हे फ्रेंचांचे मुख्य केंद्र होते. आता सुरत आणि बंगाल पाँडिचेरीच्या हाताखाली आले. मार्टिन सर्व वखारींचा प्रमुख झाला. या मंडळाकडे व्यापार, प्रशासन आणि न्याय ही तिन्ही कामे होती. दिवाणी आणि फौजदारी दावे तेच ऐके. देशी रहिवाशांचे आपसातील तंटे मात्र त्यांच्या रूढीप्रमाणे सोडवण्याची वेगळी व्यवस्था होती. ती ज्या नावाने ओळखली जाई, ते नाव आपल्या चावडी या शब्दाच्याच कुळातले. गावाचा धनी फ्रेंच, पण वारसा, जात, लग्न, देणेघेणे यांचा निवाडा गावच्या रिवाजाप्रमाणे, ही पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली.

धर्माचा प्रश्न अधिक नाजूक होता. गावात जेझुइट पाद्रींचे वजन मोठे होते. देवळे आणि उत्सव यांवर बंधने यावीत, असा त्यांचा आग्रह असे. मार्टिन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता. पण बंधने येणार अशी कुणकुण लागताच विणकर आणि व्यापारी गाव सोडून जाण्याची भाषा करू लागत आणि कारभाऱ्याला माघार घ्यावी लागे. शेजारी मद्रास होते, कडलूर होते. माग उचलून तिकडे जायला कुणाला कितीसा वेळ लागणार? रयतेच्या हाती ना मत होते, ना सनद. गाव सोडून जाण्याची मुभा हेच तिचे शस्त्र होते आणि मार्टिनला त्याची धार माहीत होती. पुढच्या काळात ही जाण ओसरली. १७४८ मध्ये, डुप्लेच्या कारकिर्दीत, वेदपुरीश्वराचे देऊळ पाडण्यात आले. ती जखम गावाच्या आठवणीत दीर्घकाळ राहिली.

दरम्यान, किनाऱ्याचा धनी पुन्हा बदलला होता. १६९८ मध्ये जिंजी मोगलांच्या हाती पडली. राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटून महाराष्ट्रात परतले होते. आता गाठ कर्नाटकातील मोगल सुभेदारांशी होती. दाऊदखान पन्नीने १७०२ मध्ये मद्रासची कोंडी केली आणि इंग्रजांकडून पैसे उकळले. मार्टिनने एका हाताने नजराणे देण्याचे आणि दुसऱ्या हाताने तट उंचावण्याचे आपले जुने धोरण चालू ठेवले. फ्रान्सच्या सीमेवरील तुर्ने इथल्या वोबाँच्या किल्ल्याच्या धर्तीवर पंचकोनी किल्ला बांधला जात होता. युरोपात पुन्हा युद्ध सुरू झाले होते आणि कंपनी दिवाळखोरीच्या वाटेवर होती. किल्ल्याचे काम रखडत-रखडत पुढे जात होते. अखेर २५ ऑगस्ट १७०६ रोजी, संत लुईच्या सणाच्या दिवशी, फोर्ट लुईचा समारंभ पार पडला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मार्टिनने पाँडिचेरीतच शेवटचा श्वास घेतला. ७२ वर्षांच्या आयुष्यातील चाळीसहून अधिक वर्षे त्याने मायदेशापासून दूर काढली होती.

मागे काय उरले?

मार्टिननंतर फ्रेंच भारत विस्तारत गेला. माहे, यानम आणि कारैकल १७२१ ते १७३९ या काळात त्यात आले. १७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांनी पाँडिचेरीकडे खंडणी मागितली, तेव्हा गव्हर्नर द्युमा नकार देऊ शकला तो मार्टिनने उभारलेल्या तटांच्या भरवशावर. १७६१ मध्ये इंग्रजांनी गाव जिंकले आणि फोर्ट लुई जमीनदोस्त केला. पाँडिचेरी पुढे अनेकदा हातची गेली आणि परत मिळाली. नेपोलियनच्या पाडावानंतर ती कायमची फ्रेंचांकडे आली, पण राजकीय सामर्थ्य गमावून.

या प्रदेशाचा शेवटही मार्टिनच्या काळाची आठवण करून देणारा ठरला. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर इथे लोकप्रतिनिधींचे मतदान झाले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पूर्ण झाले आणि १९६३ मध्ये पाँडिचेरी केंद्रशासित प्रदेश बनली. शेकडो मैल अंतरावरील चार तुकडे एकाच प्रशासनाखाली राहिले. माहे केरळच्या कुशीत, यानम आंध्रात, कारैकल कावेरीच्या मुखाजवळ. सतराव्या-अठराव्या शतकातील वखारींचा नकाशा आजही प्रशासकीय नकाशा म्हणून जिवंत आहे. २००६ मध्ये गावाला त्याचे मूळ तमिळ नाव परत मिळाले.

मार्टिनचे लेखन सव्वादोनशे वर्षे फ्रान्समधील दप्तरात पडून होते. पाँडिचेरीचे गव्हर्नरपद भूषवलेले इतिहासकार आल्फ्रेड मार्टिनो यांनी १९३१ ते १९३४ या काळात ते तीन खंडांत छापले. त्याआधीच हस्तलिखित अभ्यासणाऱ्या मोजक्या इतिहासकारांनी त्यातील शिवकालाचा भाग उजेडात आणला होता. महाराजांच्या कर्नाटक मोहिमेचा तपशीलवार अभ्यास आज या नोंदींशिवाय होऊ शकत नाही.

मार्टिनला मोठे म्हणण्यासाठी त्याला संत ठरवण्याची गरज नाही. तो कंपनीचा नोकर होता. नफ्यासाठी आला होता आणि कर्ज, शस्त्र व नजराणा ही तिन्ही साधने त्याने सारख्याच सहजतेने वापरली. ज्या वसाहतवादाने पुढे या देशाची पिळवणूक केली, त्याच्या आरंभीच्या कारागिरांपैकी तो एक. पण गाव तटांनी टिकते, तसे विणकरांनीही टिकते. शेजाऱ्याला ओळखल्याशिवाय शेजारात राहता येत नाही, ही समज त्याच्याजवळ होती. डुप्लेने साम्राज्याचा डाव मांडला आणि तो हरला. मार्टिनने फक्त एक गाव वसवले आणि ते अजून नांदते आहे.

पुदुच्चेरीच्या जुन्या फ्रेंच वस्तीत त्याच्या नावाचा एक रस्ता आहे. तिथून निघून जिंजीला जायला मोटारीने दीड-दोन तास पुरतात. राजगिरीचा कडा पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने वाटेत त्या रस्त्यावरही क्षणभर थांबावे. कोलेरूनच्या काठावरचे जाड्याभरड्या कापडाचे ते दोन लहान तंबू आपल्याला दिसतात, ते याच माणसाच्या लेखणीमुळे.